उरलेलं उद्या

त्या दिवशी घरात कोण कोण होतं ते आधी सांगते. मी होते. माझी लेक वैशाली होती, सोफ्यावर भिंतीकडं तोंड करून पडलेली. जावई प्रमोदराव होते, कामावर सुट्टी टाकून. नात ईशा होती, शाळेतून नुकतीच आलेली, दप्तर अजून पाठीवर. डिशवॉशर दुरुस्त करायला आलेला माईक होता, त्याचं निम्मं अंग ओट्याखाली. आणि सलोमी गायकवाड होती, ती त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या घरात आली. एवढीच माणसं. त्यातली सलोमी आता नाही. बाकी आहेत. वैशाली आत झोपलीय. तिचं पुढं सांगते.

मी शेवंता. अमेरिकेत श्रूजबरी गावात लेकीकडं राहते. शाळा तिसरीपर्यंत. हे मी नुसतं बोलतेय, ईशानं फोनमध्ये काहीतरी करून दिलंय, तो आपला आपण लिहून घेतो. इथल्या मराठी मंडळाच्या अंकाला कुणीतरी लिहा म्हणून निरोप आला, तर प्रमोदराव म्हणाले, "आई, तुम्हीच सांगा कुणाबद्दल तरी." अंकात दरवर्षी मोठमोठ्या माणसांबद्दल असतं. सलोमी मोठी नव्हती. उभी राहिली तर माझ्या खांद्याला लागायची, आणि मी काही उंच नाही.

वैशालीला छातीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग किमो सुरू झाली. किमोनंतर एक इंजेक्शन द्यायचे, रक्त वाढावं म्हणून. त्यानं हाडं दुखायची. ती म्हणायची, "आई, हाडाच्या आतून कुणीतरी लाटणं फिरवतंय गं." गोळ्या होत्या. गोळीनं झोप यायची, दुखणं तिथंच असायचं. मग ती सांगायची बंद झाली. मग बोलायचीच बंद झाली. ईशानं विचारलं तर मान हलवायची. मी विचारलं तर तीही नाही.

माझा नवरा वैशाली लहान असताना गेला. नगरला एका वसतिगृहाच्या खानावळीत भाकऱ्या थापून मी तिला शिकवलं. मला दुखलं की मी भाकरी थापायचे, जरा जोरात. पण दुसऱ्याचं दुखणं आपल्याला थापता येत नाही. मी तिच्याजवळ नुसती बसायचे, आणि ती भिंतीकडं बघायची. भिंत काही खास नव्हती.

प्रमोदरावांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, की बायको आजारी आहे, घरी येऊन भजन म्हणणारं कुणी आहे का. बऱ्याच जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. एकीनं फोन केला. म्हणाली, "मी म्हणते भजन. माझी गाडी आहे. मंगळवारी येते." प्रमोदरावांनी बाकी काही विचारलं नाही. भजन म्हणजे भजन. समईत तेल घालून ठेवलं, मी कुंकवाचा करंडा बाहेर काढला.

दारात बाई उभी. फुलाफुलाची सुती साडी, वर फुगीर जाकीट, पायात पांढरे पळायचे बूट, आणि काखेत घडीची खुर्ची. कपाळाला काही नाही. मी करंडा पुढं केला, तर म्हणाली, "राहू द्या, मी लावत नाही." म्हटलं विधवा असेल. मी पण विधवाच आहे. करंडा ठेवून दिला.

मी विचारलं, "गाव कुठलं?"

"नगरजवळ."

"आडनाव?"

"गायकवाड," ती म्हणाली. "आता त्यावरून काय कळतंय ते कळू द्या."

काहीच कळलं नाही. गायकवाड सगळ्यांत असतात.

तिनं खुर्ची उघडून सोफ्याजवळ मांडली. आमच्याकडं खुर्च्या आहेत, असं प्रमोदराव म्हणाले. ती म्हणाली, "तुमच्या उंच आहेत. झोपलेल्या माणसाला वर बघायला लावू नये." सोफ्याच्या कडेला बसावं तर तेही नाही, म्हणे, बसलं की गादी दबते, गादी दबली की दुखतं. वैशालीला तिनं कसं वाटतंय म्हणून विचारलं नाही. आमच्याकडं येणारा प्रत्येक जण ते विचारायचा. हिनं मला विचारलं, "स्टीलच्या डब्याचं झाकण आहे का?" मी दिलं. तिनं ते गुडघ्यावर उलटं ठेवलं, बोटांनी वाजवून बघितलं, नि सुरू झाली.

आवाज गोड नव्हता. जाड, खाली बसलेला, दळायला घातल्यासारखा. पण चाल मी ओळखली. माझी आई दळताना याच चालीत माझ्या मामाचं कौतुक करायची. अमेरिकेत येऊन इतकी वर्षं झाली, ती चाल मी कुठं ऐकली नव्हती, आणि आठवतेय हेही मला माहीत नव्हतं.

दुखतं रे येशूबाबा, कुशीवर होईना,
रात माझी सरंना, कुणी जवळ येईना.

येशूबाबा म्हटल्यावर प्रमोदरावांनी समईकडं बघितलं. मी प्रमोदरावांकडं बघितलं. ईशानं आम्हा दोघांकडं. सलोमी डोळे मिटून होती, तिनं कुणाकडं बघितलं नाही.

पाणी दे रे घोटभर, बोलू नको काही,
तुझ्या हाताला खिळे, तुला सांगावं लागत नाही.

वैशालीनं कूस बदलली. तोंड इकडं केलं. किती दिवसांनी तिचं पूर्ण तोंड दिसलं मला.

उजाडलं अंगणात, कोंबडा देई बांग,
उद्याचं जे असंल देवा, उद्याच मला सांग.

झाकण थांबलं. ती उठली आणि खुर्चीची घडी घालायला लागली.

ओट्याखालून माईक बाहेर आला. टोपी हातात घेतलेली. त्यानं ईशाला विचारलं, "इज दॅट इट?" अजून काहीतरी बोलला. ईशानं सांगितलं, तो म्हणतोय भाषा कळत नाही, पण गाणं संपल्यासारखं वाटलं नाही.

"बरोबर आहे," सलोमी म्हणाली. "अजून एक कडवं आहे."

आणि तेव्हा वैशाली बोलली. आवाज फाटलेला होता. म्हणाली, "मग म्हणा की."

"उरलेलं उद्या," सलोमी म्हणाली, आणि जाकिटाची चेन लावली.

प्रमोदराव तिला दारापर्यंत सोडायला गेले. म्हणाले, "मावशी, आम्हाला वाटलं भजन म्हणजे..."

"भजनच आहे. कुणाचं, ते तुम्ही विचारलं नव्हतं."

ती गेल्यावर वैशाली चिडली. असं अर्धवट कोण सोडून जातं, ही काय पद्धत झाली, वगैरे. मला बरं वाटलं. तिच्यात चिडण्याइतकी ताकद आहे हे मला माहीत नव्हतं. माईकनं डिशवॉशर लावून दिला. तो तेव्हापासून नीट चालतो.

दुसऱ्या दिवशी सलोमी आली. तीच तीन कडवी. वैशाली म्हणाली, "उरलेलं?" ती म्हणाली, "उद्या." तिसऱ्या दिवशीही तेच. मग ते रोजचंच झालं. वैशाली सकाळपासून वाट बघायची, भांडायला. भांडण झालं की दोन घास खायची.

मी एकदा सलोमीला स्वयंपाकघरात धरलं. म्हटलं, "खरं सांगा, आम्हाला बाटवायला येता का?"

ती म्हणाली, "शेवंताबाई, या वयात तुम्हाला बाटवून मी काय करू? आमच्या चर्चला तरुण माणसं पाहिजेत. खुर्च्या उचलायला."

त्यानंतर मी तिला अगंतुगं करायला लागले, आणि तीही मला.

तिच्या पद्धती होत्या. त्या ती कुणाकडनं शिकली ते माहीत नाही. किमोनंतर वैशालीला अन्नाचा वास सहन व्हायचा नाही, म्हणून आम्ही सगळे स्वयंपाकघराचं दार लावून चोरासारखे जेवायचो. सलोमी म्हणाली हे चुकतंय. म्हणाली, "ज्याला भूक नाही त्याच्यासमोर जेवायचं. त्याला आधी राग येतो." तिनं मला पिठलं करायला लावलं, ताट घेऊन वैशालीसमोर खुर्ची मांडली आणि चवीनं जेवली. ठेचा मागून घेतला. नाक पुसत पुसत जेवली. वैशाली म्हणाली, "मावशी, तुम्हाला काही वाटतं का?"

"तिखट वाटतंय," सलोमी म्हणाली.

वैशालीनं उलटी केली. मी पिठल्याचं पातेलं उचलून आत न्यायला लागले तर ती म्हणाली, "आई, थांब. थोडं दे." त्या दिवशी चतकोर भाकरी खाल्ली. म्हणजे सलोमीची पद्धत बरोबर होती असं नाही, उलटी झालीच. पण भाकरी पण गेली.

ती गाडी चालवायची ते सांगायला पाहिजे. साठीनंतर शिकली. मुलगा सुहास आणि सून दोघं कामावर जायचे, बसची सोय नाही, मग हिला कोण नेणार. लायसन्सच्या परीक्षेत ती बऱ्याच वेळा नापास झाली. शेवटी परीक्षा घेणारा म्हणाला, तुम्ही चालवता बरोबर, फक्त जरा पुढं जात जा. रूट नाईनवर सगळ्या गाड्या सुसाट जायच्या, आणि ही उजव्या बाजूनं रिक्षासारखी. मागचे हॉर्न वाजवायचे. ती काच खाली करून हात करायची. मी म्हणायचे, "अगं, शिव्या देतायत." ती म्हणायची, "देऊ दे. ओळख नसताना कोण बोलतं आजकाल."

त्या गाडीत तिनं मला कडव्याचं सांगितलं. वैशालीला तेव्हा बरं वाटायला लागलं होतं, आणि मी सलोमीबरोबर बाहेर जायला लागले होते. तिची खुर्ची मी धरायचे.

ती म्हणाली, गाणं तिच्या आईनं केलंय. पुस्तकात नाही. आई मिशनच्या दवाखान्यात झाडू मारायची. सलोमीचा धाकटा भाऊ आजारी पडला, पोट फुगलं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाली आता देवावर सोडा. घरी आणला. आई दळताना त्याला ऐकू जाईल असं म्हणायची. त्याला दुखायचं ते, त्याला पाणी पाहिजे असायचं ते, सकाळ झाली ते. तो जे म्हणायचा ते ती ओवीत घालायची. तीन कडवी झाली.

"आणि चौथं?"

"चौथं तो गेला त्या दिवशी केलं." तिनं सिग्नलला गाडी थांबवली. सिग्नल हिरवा होता. "चांगलं आहे ते. चारीत तेच चांगलं आहे. ऐकलं की माणूस शांत होतो. पण ते त्या दिवसाचं आहे. तो दिवस येईस्तोवर म्हणायचं नाही."

मागच्यांनी हॉर्न वाजवला. तिनं हात केला.

घरी आल्यावर मी वैशालीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सलोमी आली, तीन कडवी झाली, आणि वैशाली म्हणाली, "मावशी, उरलेलं नको."

"मी कुठं म्हणतेय?" सलोमी म्हणाली.

ती एका नाताळात मला तिच्या चर्चला घेऊन गेली. मोठं चर्च, सगळे अमेरिकन. स्टेजवर गिटार, ड्रम, दिवे, पडद्यावर गाण्याचे शब्द. माणसं हात वर करून गात होती. एक बाई रडत होती पण हसत पण होती. मला आवडलं. गरम होतं आत. बाहेर आल्यावर मी तसं म्हटलं. सलोमी म्हणाली, "छान असतं. मी जाते दर रविवारी. पण ते बरं असलेल्या माणसांचं आहे."

महिन्यातनं एकदा तिची मराठी माणसं जमायची, कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये. पेटी, तबला, पुस्तकं. पुरुष कोट घालून यायचे आणि मांडी घालून बसायचे. टाळ पण होते. डोळे मिटले की मला आमच्या गावातला सप्ताहच वाटायचा, मधेच येशू यायचा एवढाच फरक. तिथं सलोमी तिच्या आईचं गाणं कधी म्हणत नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "इथं कोण झोपलंय?"

तोवर मला तीन कडवी पाठ झाली होती. कणीक मळताना आपोआप तोंडात यायची. येशूबाबा तेवढं मी गाळायचे, तिथं नुसतं हूं म्हणायचे. सलोमीनं ऐकलं.

"नाव खाल्लंस."

"जीभ वळत नाही."

"राहू दे मग. हाक कुणाला आहे ते त्याला कळतं."

पलीकडच्या गावात एक नागपूरचा मुलगा होता, कंपनीत कामाला, लग्न होऊन थोडीच वर्षं झालेली. त्याच्या रक्तात काहीतरी निघालं. सलोमी त्याच्याकडं जायची, मी पण जायचे. त्याची बायको पहिल्या दिवशी म्हणाली, "मावशी, काहीतरी पॉझिटिव्ह म्हणा ना." सलोमीनं तिचीच तीन कडवी म्हटली. दुखतं रे, कुशीवर होईना. तो मुलगा हसला. म्हणाला, "कोणीतरी बोललं शेवटी." घरात सगळे त्याला सांगायचे तू बरा होणार आहेस. तो हो म्हणायचा. सारखं हो म्हणून दमला होता तो.

तो गेला त्या सकाळी सुद्धा आम्ही गेलो. त्यांच्या अपार्टमेंटसमोर बर्फ साचला होता. सलोमीनं गाडी लावली, हीटर चालू ठेवला आणि मला म्हणाली, "तू बस." खुर्ची तिनं स्वतः घेतली. खालच्याच मजल्यावर घर, खिडकी गाडीसमोर. पडदा अर्धा उघडा होता. ती खुर्चीत बसलेली दिसली. तिचं तोंड हलताना दिसलं. मी काच खाली केली असती तर ऐकू आलं असतं. बटण माझ्या हाताशी होतं. मी केली नाही. थंडी होती, आणि घरी वैशाली होती.

ती बाहेर आली, खुर्ची मागं टाकली, आणि आम्ही मेथी घ्यायला इंडियन दुकानात गेलो. मेथी पिवळी पडलेली होती. तरी घेतली.

वैशाली बरी झाली. डॉक्टर म्हणाले आता दिसत नाही. केस आले, पहिल्यापेक्षा कुरळे. कामावर जायला लागली. ईशा घरूनच कॉलेजला जायला लागली. सलोमी आमच्याकडं यायची ती आता नुसती गप्पा मारायला, आणि आमच्याच खुर्चीवर बसायची. मी म्हणायचे, बरं असलेल्या माणसाला उंच खुर्ची चालते वाटतं.

एकदा आम्ही मेथी निवडत होतो. ती म्हणाली, "शेवंते, माझ्या पण पोटात निघालंय."

"काय?"

"जे निघतं ते." तिनं एक जुडी संपवली. "पुढची दे."

तिनं औषध फार घेतलं नाही. सुहासच्या बैठकीच्या खोलीत पलंग आला, बटणानं वर खाली होणारा. हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांत घरी येऊन बघणारी, नर्स यायची. प्रमोदराव मला कामावर जाताना तिच्याकडं सोडायचे आणि येताना घेऊन जायचे. मी तिचीच घडीची खुर्ची मांडून बसायचे. कसं वाटतंय असं विचारायचं नाही, हे मला आता माहीत होतं. मी तिच्यासमोर जेवून पण बघितलं. ती म्हणाली, "मला राग येत नाही गं. तू जेव."

एका दुपारी तिला फार दुखत होतं. नर्स औषध देऊन गेली होती, ते लागायला वेळ होता. ती म्हणाली, "म्हण."

मी सुहासच्या स्वयंपाकघरातनं झाकण आणलं. ते प्लास्टिकचं निघालं, वाजेना. तसंच म्हटलं. येशूबाबा त्या दिवशी गाळलं नाही. गाणं तिचं, देव तिचा, दुखणं तिचं. मी कोण गाळणारी.

तीन कडवी झाली. ती म्हणाली, "बेसूर आहेस."

"तुझ्याकडनंच शिकलेय."

ती हसली. पोटाला लागलं, म्हणून थांबली. मी म्हटलं, "सलोमे, आता चौथं सांगून ठेव. सुहासला येत नाही. तुझ्या बेसमेंटच्या माणसांना येत नाही. तुझ्या दिवशी कोण म्हणेल?"

तिलाही ते पटलं असावं. तिनं हात पुढं केला, मी उठवून उशी नीट केली. पाणी दिलं. तिनं तोंड उघडलं. मग थांबून विचारलं, "वैशाली कशी आहे?"

मी म्हटलं, "बरी आहे. आठवडाभर पाठ दुखते म्हणते. सारखं कॉम्प्युटरपुढं बसून, दुसरं काय."

सलोमीनं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि तोंड मिटलं.

"सांग ना," मी म्हटलं.

"उरलेलं उद्या," ती म्हणाली.

मी चिडले. म्हटलं, "मी काय आजारी आहे का? माझ्यावर कशाला ही युक्ती?" तिला औषध लागलं होतं, डोळे मिटत होते. प्रमोदराव मला न्यायला आले, त्यांनी बाहेरनं फोन केला. मी खुर्चीची घडी घातली. दारातनं वळून बघितलं तर तिनं हात केला. रूट नाईनवर करायची तसाच, मागच्या गाडीवाल्याला.

उद्या उजाडलं, आणि सकाळीच सुहासचा फोन आला.

तिच्या दफनाला बरीच माणसं होती. नागपूरच्या मुलाची बायको आली होती. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, त्या दिवशी तुझ्याकडं सलोमीनं शेवटचं कडवं म्हटलं होतं, आठवतंय का? ती म्हणाली, "मावशी, त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही. फक्त झाकण वाजत होतं ते आठवतंय." मी म्हटलं बरोबर आहे. माझा नवरा गेला त्या दिवसातल्या मला फक्त शेजारणीच्या बांगड्या आठवतात.

सुहासनं मला म्हणायला सांगितलं. मी खड्ड्याजवळ उभी राहून तीन कडवी म्हटली. पास्टरसाहेब पुस्तक मिटून उभे होते. तीन झाल्यावर सगळे थांबले. चाल ऐकून कुणालाही कळतं की अजून आहे. पास्टरसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी मातीकडं बघितलं. मग कुणीतरी खोकलं आणि माती टाकायला सुरुवात झाली. तिच्या आईनं ज्या दिवसासाठी कडवं केलं, तो सलोमीचा दिवस कडव्याविनाच गेला. घडीची खुर्ची सुहासनं मला दिली.

पाठदुखी कॉम्प्युटरमुळं नव्हती. ते परत आलंय, मणक्यात. वैशालीचं पुन्हा सुरू झालंय सगळं. इंजेक्शन नवीन आहे, दुखणं जुनंच. मी खुर्ची मांडून तिला तीन कडवी म्हणते. ती म्हणते, "आई, तू फार बेसूर आहेस." मी म्हणते, माहीत आहे. ती विचारते, "उरलेलं?" मी म्हणते, उद्या. तिला माहीत आहे की मला ते येत नाही. तरी विचारते. काल अर्धी भाकरी खाल्ली.

परवा कपडे वाळवायचा ड्रायर बिघडला, तर माईकच आला. केस पिकलेत. त्यानं ईशाला विचारलं, ते गाणं संपलं का शेवटी? ईशा म्हणाली, "नॉट येट." तो म्हणाला, "गुड."

आता विनंती. हा अंक नगरकडच्या, जालन्याकडच्या, कुठल्या कुठल्या माणसांच्या घरी जातो. सलोमीची आई मिशनच्या दवाखान्यात होती, तिथल्या कुणी ना कुणी बाईनं ते गाणं ऐकलं असंल, कुणाची आजी म्हणत असंल. ज्याला चौथं कडवं येतं, त्यानं ते विसरू नये. सलोमीचं राहिलंय, तिच्या मातीवर जाऊन मला ते एकदा म्हणायचंय. पण आत्ता सांगू नका. पाठवू पण नका, ईशा फोनवर सगळं मोठ्यानं वाचते. तुमच्याकडंच ठेवा. लागलं तर मी मागेन. आणि मी मागितलंच नाही, तर समजा की वैशाली अजून माझ्याशी भांडतेय.